न सापडणारा पोचा

गॅरेजमध्ये त्याला सगळे इस्त्री म्हणत. खरं नाव दवाखान्याच्या केसपेपरवर होतं, पुढे नुकसानभरपाईच्या अर्जावर आलं, आणि तिथे ते वाचून गॅरेजच्या मालकालाही क्षणभर कळलं नाही की हा कोण गृहस्थ. खांबावर आपटलेलं, भिंतीला घासलेलं, ट्रकने चेपलेलं कसलंही दार त्याच्यापुढे ठेवा, इस्त्री केल्यासारखं सपाट होऊन परत यायचं. म्हणून इस्त्री. एकदा शेजारच्या शेडमधल्या रंगाऱ्याने गंमत म्हणून आपला चुरगळलेला शर्ट त्याच्या टेबलावर आणून टाकला. याने तो मुकाट्याने उचलला, लोखंडी ठोकळ्यावर पसरला आणि हातोडीने असा ठोकला की पाठीला भोक पडलं. "घे, एकसुद्धा चुणी राहिली असेल तर सांग," म्हणाला. रंगारी तो शर्ट पुढे वर्षभर कामावर घालत होता.

चेपलेला पत्रा सरळ करायच्या दोन तऱ्हा असतात. सोपी तऱ्हा अशी की पोचा थोडाफार बाहेर ओढायचा, उरलेल्या खड्ड्यात पुट्टी भरायची, घासायची आणि वरून रंग मारायचा. गिऱ्हाईक खूश, मालक खूश, आणि पोपडे निघायला लागेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. अवघड तऱ्हा म्हणजे पत्र्याच्या मागे ठोकळा टेकवायचा आणि पुढून हलक्या हाताने हातोडी मारत मारत पत्र्याला त्याच्या मूळ जागी परत आणायचं. त्याला कान लागतो, तळहात लागतो आणि सगळ्यात जास्त धीर लागतो. इस्त्री पुट्टीला शिवत नसे. पुट्टी लावणाऱ्यांबद्दल तो जे बोलायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही. मालक वैतागायचा, "अरे बाबा, गिऱ्हाईक खोळंबलंय, भर की जराशी!" हा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मला विचाराल तर माणूस थोडा गर्विष्ठच होता. पण गर्व करायला त्याच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती, तेव्हा तीही काढून घ्यायला जीव धजत नाही.

अपघात झाला तो अगदी साधा. संध्याकाळची वेळ, सिग्नलला त्याची जुनी गाडी उभी, आणि मागून माल पोचवणारी एक व्हॅन येऊन धडकली. व्हॅनचा वेग फार नव्हता. पण तिच्या पुढच्या बाजूला जाडजूड लोखंडी गार्ड होता, तो सरळ याच्या डिकीत घुसला. इस्त्रीचं डोकं आधी मागे गेलं, मग पुढे आलं. बस, एवढंच. तो खाली उतरला आणि पहिल्यांदा डिकीकडे गेला. चांगला परातीएवढा पोचा पडला होता. व्हॅनच्या गार्डवर मात्र साधा ओरखडाही नव्हता. व्हॅनवाला बिचारा हात जोडत होता. चौकातल्या पोलिसाने दोघांचे नंबर घेतले, वहीत 'किरकोळ' असा शेरा मारला आणि मागची वाहतूक मोकळी केली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला सुट्टी होती. शहाण्या माणसाने काय केलं असतं? पोच्याचा फोटो काढला असता, विमा कंपनीला फोन केला असता, गाडी होती तशी उभी ठेवली असती. पण पत्र्याचं काम करणाऱ्यांच्यात एक गोष्ट आहे. पत्रेवाल्याने आपलीच गाडी चेपलेली घेऊन गॅरेजच्या दारात येणं म्हणजे फाटक्या कपड्यात शिंप्याने दुकान उघडणं. बाकीचे दिवसभर टवाळी करतात, आणि गिऱ्हाईकं बघतात ते वेगळंच. कामाचा दिवस उजाडायच्या आत ती डिकी सपाट व्हायलाच हवी होती. फोटो काढायचं त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आयुष्यभर ज्याने पोचे मिटवले तो पोच्याचा फोटो कशाला काढेल?

सकाळीच तो गॅरेजची किल्ली घेऊन एकटा गेला. डिकीच्या आतलं अस्तर काढलं, खडूने खुणा केल्या आणि कामाला बसला. मान जराशी भरून आल्यासारखी वाटत होती, पण असं तर रोजच वाटायचं. जेवायच्या सुमारास डिकी सरळ झाली. पुढून तर झालीच, पण कुणी कधी बघणार नाही ती मागची बाजूही त्याने कानशीने साफ केली आणि तिच्यावर मूळच्यासारखाच काळा रंग मारला. दुपारनंतर मान डावीकडे वळेना. संध्याकाळी उजवीकडेही वळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलायचं तर त्याला स्वतःचे केस मुठीत धरून ते वर ओढावं लागलं. बायको हे बघून आधी हसली आणि मग घाबरली.

रंगाऱ्याने तेवढ्यात मैत्रीखातर सगळ्याच गाडीला नवा रंग मारून दिला. चांगला मनुष्य, त्याचाही हेतू चांगला.

दवाखान्यात मानेचे एक्स-रे फोटो काढले. हाडं जिथल्या तिथे होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मानेला हिसका बसला की हाडं शाबूत राहतात, पण त्यांना धरून ठेवणारे स्नायू आणि बंध ताणले जातात, फाटतात. दुखणं लगेच जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवतं. फोटोत ते दिसत नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत बरं होतं, काहींचं होत नाही. "काय काम करता?" त्यांनी विचारलं. इस्त्रीने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "हातोडी काही दिवस लांब ठेवा."

काही दिवसांचे महिने झाले. दुखणं मानेतून खांद्यात उतरलं, खांद्यातून उजव्या हातात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. मुठीत चमचा असला तरी मध्येच सुटायचा. मालकाने सुरुवातीला 'बरा होऊन ये' म्हटलं, मग फोन करणं कमी केलं, मग त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवला, जो पुट्टी लावायचा. इस्त्रीला नोकरी गेल्याचं जितकं लागलं त्याहून ते पुट्टीचं जास्त लागलं. आता घर चालत होतं ते बायकोच्या पगारावर. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. मलम, गोळ्या, शेकायची पिशवी, मानेचा पट्टा, सगळं तिनेच आणलं. लोक घरी यायचे, त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, दिसायला तर छान आहे की! एकदा जेवताना न राहवून तिनेही विचारलं, "अहो, खरंच एवढं दुखतं का?" प्रश्न तोंडातून गेला आणि तिने जीभ चावली. त्याने त्या दिवसापासून घरात कण्हायचं बंद केलं.

शेवटी बायकोच्याच ओळखीच्या एका वकीलबाईंनी व्हॅनच्या विमा कंपनीवर दावा लावला. भरपाई मिळाली तर नीट उपचार होतील आणि बसून करायचं दुसरं एखादं काम शिकेपर्यंत घर तगेल, एवढाच हिशेब होता. आणखी एक गोष्ट होती. कुठल्यातरी कागदावर कुणीतरी शिक्का मारून लिहावं की हा माणूस ढोंग करत नाही, असं त्याला वाटायचं. हे तो कुणाला बोलून दाखवत नसे, पण बायकोला कळत होतं.

कंपनीने उत्तर दिलं ते एका वाक्यात सांगता येतं. गाडीला काही झालेलं नाही, मग आतल्या माणसाला काय होणार? त्यांचा तपासनीस येऊन गाडी बघून गेला. डिकी बाहेरून पाहिली, अस्तर काढून आतून पाहिली, रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं, तर सगळ्या गाडीला सारखाच जाड रंग. रंगाऱ्याला साक्षीला बोलावलं. त्याने बिचाऱ्याने खरं ते सांगितलं, "मी गाडी पाहिली तेव्हा पत्रा सपाट होता." व्हॅनवाला आता म्हणत होता की नुसता धक्का लागला, आणि त्याच्या गार्डवर ओरखडाही नसल्याने ते पटतही होतं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, काम थोडं वाईट केलं असतंत तर काय बिघडलं असतं?" त्या म्हणाल्या. इस्त्री ओशाळून हसला, पण खरं तर त्याला तो प्रश्नच कळला नव्हता.

मग निवाडा करणाऱ्या साहेबांनी गाडीची पाहणी ठेवली, आणि कंपनीने तज्ज्ञ म्हणून बोलावलं वस्तादांना.

वस्ताद म्हणजे गावातले सगळ्यात जुने पत्रेवाले. इस्त्री मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्याकडे शिकला होता. मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या, त्यांची चप्पल कुठे काढलीय इथपासून सगळं लक्षात ठेवलं. पण एक दिवस त्यांनी त्याने केलेल्या एका दारावरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तू चांगला कारागीर होशील, पण माझ्यासारखा नाही. तुझ्या हातात ते नाही." इस्त्री त्याच आठवड्यात तिथून निघाला तो परत गेला नाही. वर्षं उलटली, तरी प्रत्येक काम झाल्यावर तो पत्र्यावरून हात फिरवायचा तेव्हा तो तळहात वस्तादांचा आहे असं समजूनच फिरवायचा. त्यामुळे पाहणीच्या दिवशी त्याला कंपनीची धास्ती नव्हती. त्याला वस्तादांची धास्ती होती.

पाहणी गॅरेजच्याच आवारात झाली. साहेब खुर्चीवर बसले. कंपनीचे वकील हसतमुख, सगळ्यांना चहा विचारत होते. तपासनीस कॅमेरा घेऊन उभा. इस्त्री मानेला पट्टा लावून बायकोशेजारी उभा होता. वस्ताद आले, कुणाकडे न बघता डिकीपाशी गेले, खिशातून झिरझिरीत रुमाल काढून पत्र्यावर पसरला आणि त्यावर तळहात ठेवून डोळे मिटले. नुसता हात पत्र्याला चिकटतो, रुमालाआडून बारीकसा उंचवटाही कळतो. हात वर गेला, खाली आला, आडवा गेला. मग त्यांनी अस्तर उचलून आतून तसंच पाहिलं.

"हा पत्रा कधी ठोकलेलाच नाही," वस्ताद म्हणाले.

खोटं कशाला सांगू, इस्त्रीला आधी आनंद झाला. उभ्या आयुष्यात एवढा झाला नसेल. मग बायकोचा चेहरा दिसला आणि काय झालं ते ध्यानात आलं.

वकीलबाई पुढे झाल्या. "तुम्हालाही कळणार नाही असं काम कुणी करूच शकत नाही का?"

"मी करतो. दुसरा कुणी करत असेल तर मी बघितलेला नाही."

"माझे अशील तुमच्याच हाताखाली शिकलेत."

वस्तादांनी तेव्हा पहिल्यांदा इस्त्रीकडे नीट पाहिलं. ओळख पटली. आवाज मऊ झाला, आणि तेच जास्त वाईट. "हो, हा होता माझ्याकडे. मेहनती पोरगा. पण साहेब, हे काम याच्याच्याने व्हायचं नाही."

"मग प्रश्नच मिटला," कंपनीचे वकील म्हणाले. "नाहीतर असं करू, यांनी इथेच करून दाखवावं. आमची ना नाही."

"मुळीच नाही," वकीलबाई कडाडल्या. "यांना हातोडी धरता येत नाही, म्हणून तर दावा लावलाय."

"मग राहू दे की. आमचा कुठे आग्रह आहे?"

डाव सगळ्यांना कळला, इस्त्रीलाही कळला. करून दाखवलं तर हात धडधाकट आहे असं होणार. नाही दाखवलं तर गाडी चेपलीच नव्हती असं होणार. वकीलबाई त्याच्या कानाशी लागून सांगत होत्या की गप्प उभे राहा, मी डॉक्टरांना पुन्हा बोलावते, अजून मार्ग आहे. तो मान हलवत होता, म्हणजे हलेल तेवढी. पण त्याचे डोळे वस्तादांवर होते. वस्ताद रुमालाची घडी घालत होते. काम संपलं होतं त्यांचं, निघायच्या बेतात होते.

इस्त्रीने मानेचा पट्टा सोडला आणि बायकोच्या हातात दिला.

"अहो, नका," ती म्हणाली. "अहो, ऐका माझं. कुणासाठी करताय हे?"

भंगारातलं एक बॉनेट आणलं. तपासनिसाने त्यावर लोखंडी पाइप घालून चांगला पोचा पाडला आणि कॅमेरा सुरू केला. इस्त्रीने आपली जुनी हातोडी मागून घेतली. पहिल्याच घावाला खांद्यापासून बोटापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यापुढे अंधारी आली. त्याने दात आवळले. दोन बोटं बधिर होती, म्हणून त्याने हातोडी तीनच बोटांत धरली आणि मनगटाऐवजी कोपरातून मारायला लागला. घाव हलके, एकसारखे. पत्र्याचा आवाज आधी बोदा येत होता, तो हळूहळू खणखणीत व्हायला लागला. चेहऱ्यावरून घाम ठिबकत होता, पण ऊन होतं, घाम सगळ्यांनाच आला होता. कण्हणं त्याने केव्हाच सोडलं होतं. बायकोला त्याच्या पाठीकडे बघूनच कळत होतं की आत काय चाललंय, आणि ती एकटीच तसं बघत होती. बाकीचे हातोडीकडे बघत होते. चहावाल्याने आणलेले कप तसेच गार झाले.

त्याने हातोडी खाली ठेवली. वस्ताद पुढे आले. रुमाल पसरला, डोळे मिटले. या वेळी खूप वेळ लावला. एका जागी हात थांबला, परत मागे गेला, परत पुढे आला. मग त्यांनी डोळे उघडले आणि रुमालाने स्वतःचाच चेहरा पुसला.

"साहेब," ते म्हणाले, "मघाचं माझं बोलणं मागे घेतो. ती डिकी चेपलेली असू शकते. यानं केलं असेल तर मला कळणार नाही." आणि त्यांनी इस्त्रीच्या खांद्यावर, नेमका उजव्याच, हात ठेवला. "चुकलो रे मी. सोमवारपासून माझ्याकडे ये. माझ्या शेजारी बस."

"येतो," इस्त्री म्हणाला. त्याचा उजवा हात पँटच्या खिशात होता. खिशाच्या आत तो हात असा थरथरत होता की मांडीला लागत होता.

कंपनीचे वकील हसतच होते. "आमचं काही म्हणणं नाही, साहेब. गाडी चेपली असेल. माणूस ठणठणीत आहे, सगळ्यांनी पाहिलं."

साहेब काही दगडाचे नव्हते. त्यांनी लिहायचं थांबवलं आणि सरळ त्याला विचारलं, "तुम्हाला आत्ता काही त्रास होतोय का? होत असेल तर सांगा. मी नोंद घेईन."

बायको त्याच्या अगदी जवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "हात बाहेर काढा. दाखवा त्यांना. नुसता बाहेर काढा."

वस्तादांचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता.

"नाही साहेब," इस्त्री म्हणाला. "काही त्रास नाही."

निकाल यायला वेळ लागला, पण काय येणार ते बायकोला त्याच क्षणी कळलं होतं. अपघात झाला हे मान्य. इजा झाली हे अमान्य. वकीलबाई त्यावर अपील करू म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

पाहणीनंतरच्याच सोमवारी सकाळी वस्तादांकडून माणूस आला. त्यांनी आपल्या शेजारची जागा रिकामी करून ठेवली होती. इस्त्री पलंगाच्या कडेला बसला होता. उजवा हात मांडीवर आडवा पडला होता आणि बायको त्याला शर्ट घालत होती, कारण ती बाही त्याला आता वर नेता येत नव्हती. दार वाजलं तशी ती उठली.

"काय सांगू त्यांना?"

त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून पांघरुणाखाली सरकवला.

"म्हणावं, बाहेरगावी गेलेत," तो म्हणाला. "दुखण्याचं काही बोलू नकोस."